गुन्ह्यांचे आकडे वाढले म्हणजे नेमके काय वाढले?

प्रश्न – तालुका वार्ताहर

मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून वृत्तपत्रासाठी लिहितो. वर्षअखेरीस पोलिसांकडून आम्हां वार्ताहरांना जो तक्ता मिळतो, त्यात दारूबंदी आणि जुगाराचे गुन्हे गेल्या वर्षापेक्षा वाढले, ही कामगिरी म्हणून सांगितली जाते; आणि त्याच पानावर चोऱ्या व घरफोड्या घटल्या, हीसुद्धा कामगिरीच असते. वाढले तरी श्रेय आणि घटले तरी श्रेय, असे कसे, हे मला उमगत नाही. विरोधक तोच तक्ता हातात घेऊन नेमका उलटा अर्थ लावतात आणि आम्ही दोन्ही बाजू छापून मोकळे होतो. यंदा तसे करायचे नाही, असे ठरवले आहे. हा तक्ता वाचावा कसा? शिवाय १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले असल्यामुळे २०२३ आणि २०२५ या वर्षांची तुलना करता येईल का?

उत्तर १ – निवृत्त ठाणे अंमलदार

आपल्याला जे विसंगत वाटते, ते तसे नाही, कारण त्या तक्त्यात दोन वेगळ्या जातींचे आकडे शेजारी-शेजारी बसवलेले असतात. चोरी, घरफोडी, दुखापत, फसवणूक या गुन्ह्यांत कोणीतरी फिर्यादी ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा नोंद होते. दारू, मटका, गुटखा यांत फिर्यादी नसतोच. पोलीस छापा घालतात आणि सरकारतर्फे पोलीसच फिर्याद देतात. या गुन्ह्यांना ठाण्यात ‘भाग सहा’चे गुन्हे म्हणतात. ते वाढले, म्हणजे छापे वाढले. गावात दारू वाढली की घटली, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. नवा अधिकारी रुजू झाला आणि त्याने महिनाभर मोहीम काढली, की हा रकाना फुगतो. बंदोबस्ताचा महिना आला, की रोडावतो. दारूबंदीच्या कारवाया राज्य उत्पादन शुल्क विभागही स्वतंत्रपणे करतो, त्यामुळे पोलिसांच्या तक्त्यात त्या व्यवसायाचे अर्धेच चित्र असते.

पहिल्या जातीचे आकडेही पूर्ण निर्मळ असतात, असे मी सेवेत इतकी वर्षे काढूनही म्हणणार नाही. दर महिन्याच्या गुन्हे बैठकीत प्रभारी अधिकाऱ्याला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तोलले जाते. दाखल किती आणि उघड किती (म्हणजे आरोपीचा माग लागलेले किती), हे दोनच प्रश्न विचारले जात असतील, तर ज्याचा माग लागण्याची आशा नाही असा गुन्हा दाखलच न करण्याचा मोह कोणालाही होईल. मोबाईल चोरीला गेला असे सांगणाऱ्याकडून ‘गहाळ’ झाल्याचा अर्ज लिहून घेणे, ही त्यातली सर्वांत जुनी युक्ती. हरवल्याच्या नोंदीला तपास नाही आणि उघडकीची टक्केवारीही नाही.

उत्तर २ – फौजदारी वकील

वरील मताशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू तेवढी जोडतो. दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफ. आय. आर.) नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले आणि प्राथमिक चौकशीला फक्त वैवाहिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार अशा मोजक्या प्रकरणांत जागा ठेवली. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ ने मात्र ही जागा थोडी रुंद केली आहे: तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. त्याच कलमाने हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात खबर देण्याची सोय केली, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली खबर तीन दिवसांत सही केल्यास नोंदवली जाईल, असेही म्हटले. म्हणजे एकाच कलमात नोंद वाढवणारी आणि नोंद लांबवणारी अशा दोन्ही तरतुदी आहेत.

तुलनेसाठी अधिक अडचणीच्या गोष्टी निराळ्याच आहेत. याच नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीनुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र झाली आहे. जुन्या कायद्यात ती दखलपात्र होती. म्हणजे साधा मोबाईल किंवा थोडी रोकड गेली, तर आता एन. सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होईल आणि ती दखलपात्र चोऱ्यांच्या संख्येत दिसणार नाही. उलट, सोनसाखळी हिसकावण्यासाठी दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत कलम ३०४ स्वतंत्रपणे आले. पूर्वी तीच घटना कुठे चोरी म्हणून, तर कुठे जबरी चोरी म्हणून नोंदली जात असे. त्यामुळे २०२५ मध्ये चोऱ्या घटलेल्या दिसल्या, तर त्यातल्या किती खरोखर घटल्या आणि किती दुसऱ्या नोंदवहीत गेल्या, हे विचारल्याशिवाय बातमी लिहू नका.

उत्तर ३ – संख्याशास्त्राची शिक्षिका

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु त्यांतून एक सोयीची पळवाट तयार होते, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. वाढ दिसली की ‘नोंदणी सुधारली’ असे म्हणायचे आणि घट दिसली की ‘गुन्हे घटले’ असे म्हणायचे, हा प्रशासनाचा जुना शिरस्ता आहे. नोंदणीने आकडा किती बदलतो, याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण २०२० चे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशभरातील दखलपात्र गुन्हे २०१९ मधील ५१,५६,१५८ वरून ६६,०१,२८५ वर गेले. देश घरात बसलेला असताना गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले! त्याचे एक मोठे कारण सरळ होते: टाळेबंदीचे आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली नोंदलेले गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ झाले. त्याच वर्षी चोऱ्या मात्र घटल्या होत्या.

मग विश्वास कशावर ठेवायचा? जे गुन्हे दडवणे अवघड असते, त्यांवर. खुनाचा मृतदेह लपत नाही, निदान सहजासहजी नाही. वाहनचोरीत विमा कंपनी प्रथम खबरेची प्रत मागते, म्हणून मालक नोंद करून घेतल्याशिवाय ठाण्यातून हलत नाही. या दोन रकान्यांची पाच-सात वर्षांची रेषा काढा आणि मग इतर चोऱ्यांची रेषा तिच्याशेजारी ठेवा. वाहनचोऱ्या चढत असताना बाकीच्या चोऱ्या नेमक्या उतरत असतील, तर प्रश्न विचारायला जागा आहे. खुनाच्या बाबतीतही आकस्मिक मृत्यूच्या नोंदी जरूर पाहा, कारण व्हिसेराचा (मृताच्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा) अहवाल येईपर्यंत संशयास्पद मृत्यू तिथेच पडून राहू शकतो.

आणखी दोन गोष्टी. एका प्रथम खबरेत पाच कलमे असली, तरी राष्ट्रीय अहवालात फक्त सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. एकाच घटनेत बलात्कार आणि खून झाला, तर बलात्काराच्या रकान्यात काहीच येत नाही. आणि दोषसिद्धीचा दर हा त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढलेला असतो, त्या वर्षी दाखल झालेल्या गुन्ह्यांवर नव्हे. यंदाच्या चांगल्या दराचे श्रेय यंदाच्या अधिकाऱ्याला देणे म्हणजे आजोबांच्या कामाचा हार नातवाच्या गळ्यात घालणे.

तालुका वार्ताहर

सर्वांचे आभार. वाहनचोरीची कसोटी मला फार पटली. एक शंका उरते. आमच्याकडे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात, पण तक्त्यातला सायबर गुन्ह्यांचा आकडा अगदी किरकोळ असतो. हे कसे?

उत्तर ४ – निवृत्त ठाणे अंमलदार

१९३० या सायबर मदतक्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर केलेली तक्रार ही आपोआप प्रथम खबर होत नाही. पैसे वाटेत गोठवता यावेत यासाठी ती यंत्रणा आहे, आणि तिथे पहिल्या काही तासांना मोल आहे. गुन्हा दाखल व्हायचा, तर ती तक्रार ठाण्यापर्यंत यावी लागते. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि लहान ठाण्यात निरीक्षक एकच, किंवा तोही नाही. म्हणून तुम्ही अधीक्षक कार्यालयात दोन वेगळे आकडे मागा: पोर्टलवर जिल्ह्यातून आलेल्या तक्रारी आणि त्यांपैकी दाखल झालेले गुन्हे. दुसरा आकडा एकटा छापू नका.

जाता-जाता आणखी एक. ‘निकाली काढलेले गुन्हे’ असा रकाना दिसला, तर त्यात ‘अ’ समरी किती, हे विचारा. समरी म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल. गुन्हा खरा, पण आरोपीचा तपास लागला नाही, अशी ती समरी असते. ‘ब’ म्हणजे खोटी तक्रार आणि ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. आमच्या ठाण्यात सायकलचोरीचे कागद बहुतेक ‘अ’ समरीतच मिटत, आणि तक्त्यात ते निकाली दिसत.

उत्तर ५ – फौजदारी वकील

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्याआधी पोलिसांच्या संकेतस्थळावर उपलब्ध असलेल्या प्रथम खबरा पाहून घ्या. संवेदनशील प्रकरणे वगळता त्या चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. ठाणेनिहाय, महिनानिहाय मोजणी तुम्ही स्वतः करू शकता. वेळ लागतो, पण तक्त्यातला आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर पत्रकार परिषदेत विचारायला एक नेमका प्रश्न हाती असेल. तुमच्या गावात रेल्वे स्थानक असेल, तर लोहमार्ग पोलिसांकडेही वेगळी चौकशी करा. गाडीत किंवा फलाटावर झालेली चोरी जिल्हा पोलिसांच्या तक्त्यात येत नाही.