रीसेट ६४ टक्क्यांवर बसलाय. बटण दाबायचं की नाही?

जुना_कळफलक

मावसभावाला त्याचा जुना लॅपटॉप विकायचाय. विंडोज १०, एक टीबीची फिरती हार्डडिस्क. दुपारी त्याने 'रीसेट धिस पीसी' (विंडोज नव्याने उभं करायची विंडोजमधलीच सोय) लावलं, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं आणि वर ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्यायही टिक केला. आता रात्र झाली, आकडा ६४ वरून हलत नाही. घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो पॉवरचं बटण दाबून मोकळं व्हावं. मी म्हणतो, सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

तो टक्का म्हणजे घड्याळ नव्हे. एक टप्पा दोन मिनिटांत उरकतो, दुसऱ्याला अर्धी रात्र लागते, पडद्यावर मात्र दोन्ही आकडेच. साधा हिशेब करा. जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिते असं धरलं तरी एक टीबी एकदा पुसायला पावणेतीन तास. आणि हा वेग शेवटपर्यंत टिकत नाही, डिस्क आतल्या वर्तुळांकडे सरकते तसा तो बराच खाली येतो. आपल्याकडे पंधरा मिनिटं आकडा हलला नाही की लोक बटण दाबतात आणि मग 'विंडोजच भंगार' म्हणून बोंब मारतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे. घाई कसली?

पेनड्राइव्हवाले_काका

साफ असहमत. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, असे 'सकाळपर्यंत थांबलेले' लॅपटॉप रोज टेबलावर येतात.

मुळात रीसेटवर एवढी श्रद्धा का? विंडोज १० पासून रीसेटसाठी वेगळी कोरी प्रत राखून ठेवलेली नसते. डिस्कवर ज्या सिस्टीम फाइल्स आहेत त्यांतूनच नवं विंडोज उभं करतात. म्हणजे त्याच फाइल्स खराब असतील, आणि बऱ्याचदा त्या खराब आहेत म्हणूनच माणूस रीसेटकडे वळतो, तर जुन्याच विटांची नवी भिंत. २०२० पासून 'क्लाउड डाउनलोड' आलं, त्यात ताज्या फाइल्स येतात, पण ते ४ जीबीच्या आसपास जातं. लोक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावतात, दिवसाचा २ जीबी कोटा संपतो, स्पीड गोगलगायीचा होतो आणि मग विचारतात, अडकलं का हो?

दुसरं, दिव्याचं. मरायला टेकलेली डिस्क एकच खराब जागा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तेव्हाही दिवा लागतोच. कान लावून ऐका. सलग घरघर असेल तर ठीक. ठरावीक वेळाने टक्... टक्... येत असेल तर रात्रभर चालू ठेवून तुम्ही तिला आणखी मारताय.

आणि बटण दाबल्याने लॅपटॉप 'मरतो' ही अफवा आहे. रीसेट बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) हात लावत नाही. दहा सेकंद बटण दाबून बंद करा, बूटेबल पेन ड्राइव्ह (ज्यावरून मशीन सुरू होतं असा) लावा, नवीन विंडोज टाका. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) अर्ध्या तासाचं काम.

निवांत_बसलोय

धागाकर्त्याशी सहमत. दुकानदाराला घाई असणारच, थांबल्याने ज्याचं काम फुकट झालं तो त्यांच्याकडे कशाला जाईल? (हलकं घ्या काका.)

कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन जिवंत आहे.

पेनड्राइव्हवाले_काका

मशीन जिवंत आहे एवढंच कळतं. काम पुढे सरकतंय का, हे कॅप्स लॉकला काय माहीत? आणि हल्लीच्या कित्येक लॅपटॉपना डिस्कचा दिवाच नसतो, एसएसडीला आवाज नसतो. त्यांनी काय ऐकायचं?

सातारी_तर्री

थांबा म्हणणाऱ्यांनी विजेचंही बघा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर बुधवारी रात्री रीसेट लावू नये एवढाच माझा सिद्धांत.

डीटीपीवाली

दोन्ही पक्ष एक प्रश्न विचारायला विसरलेत: त्या डिस्कवरचं काही हवं आहे का?

'रिमूव्ह एव्हरीथिंग' लावलं असेल तर गमवायचं ते आधीच गमावलंय. तिथे थांबणं किंवा बटण दाबणं हा फक्त वेळेचा वाद. पण 'कीप माय फाइल्स' लावून तो अडकला असेल तर गोष्ट निराळी. फाइल्स इकडून तिकडे हलवणं चालू असताना वीज तोडणं हा जुगार. तिथे मी थांबीनच. थांबूनही काही होत नसेल तर काका म्हणतात तसं थेट नवीन विंडोज टाकू नका. आधी उबुंटूचा (विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टीमचा) लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून डॉक्युमेंट्स बाहेर काढा, मग काय ते.

त्यातही बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, बशर्ते तो अकाउंट कुठला हे आठवत असेल. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ता नसतो.

आणि 'कीप माय फाइल्स' म्हणजे सगळं राहतं असं नाही. प्रोग्रॅम जातात. आमच्या डीटीपीच्या (छपाईची पानं संगणकावर जुळवायच्या) धंद्यात टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि विकत घेतलेले फॉन्ट पुन्हा टाकावे लागतात. फाइल जागेवर असते, उघडली की मराठीच्या जागी नुसती चिन्हं. लग्नसराईत हे झालं की काय होतं ते पत्रिका छापणाऱ्याला विचारा.

अपडेट_पहारेकरी

कधीकधी ना डिस्कचा दोष असतो ना माणसाचा. ऑगस्ट २०२५ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११ च्या २२एच२, २३एच२ आवृत्त्यांवर रीसेटच फसत होता. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून १९ ऑगस्टला वेगळं दुरुस्ती अपडेट काढलं. पुढे ऑक्टोबरच्या अपडेटने विंडोज ११ च्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड-माउसच चालेनासे केले, त्याचीही दुरुस्ती काही दिवसांत आली. तेव्हा रीसेट लावण्याआधी अपडेट पूर्ण करून घ्या. अडकल्यावर हे सांगून उपयोग नाही, ठाऊक आहे.

जुना_कळफलक

डीटीपीताई, मुद्दा पटला, पण अर्धाच. डेटा नको असला तरी तो *जायला* हवा ना? लॅपटॉप विकायचाय. त्यावर आधारचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं, आयकराचे कागद. ६४ वर तोडून काकांच्या पेन ड्राइव्हने नवं विंडोज टाकलं तर वरवर कोरं दिसेल, पण क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं की घेणाऱ्याच्या हातात सगळं. पूर्ण साफ करायचा पर्याय त्यासाठीच तर टिक केला होता.

पेनड्राइव्हवाले_काका

हे बरोबर बोललात. पण त्याला उपाय आहे. पेन ड्राइव्हवरून बूट केलं की शिफ्ट-एफ१० दाबा, काळी खिडकी येते. तिथे डिस्कपार्ट (डिस्क हाताळायची विंडोजची कमांड) लिहायचं, डिस्क नीट बघून निवडायची, आणि 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' नाही, ते फक्त पार्टिशनचा तक्ता उडवतं. 'क्लीन ऑल' प्रत्येक जागेवर शून्य लिहितं. चुकीची डिस्क निवडलीत तर मात्र ब्रह्मदेवही परत आणणार नाही.

निवांत_बसलोय

एक टीबीवर सगळीकडे शून्य. म्हणजे पुन्हा तेच तीन-चार तास! काका, शेवटी तुम्हीही थांबायलाच सांगताय.

पेनड्राइव्हवाले_काका

तासांबद्दल माझं भांडण कधीच नव्हतं. डिस्कला लिहिता आलं नाही तर डिस्कपार्ट एरर देऊन थांबतं, आणि डिस्क गेली हे तिथेच कळतं. रीसेट ६४ दाखवत बसतं आणि तुम्ही इथे धागे काढत बसता.

जुना_कळफलक

आत्ता भावाला फोन लावून ऐकायला सांगितलं. म्हणतो, टकटक नाही, सलग घरघर आहे. तेव्हा माझा हट्ट कायम, सकाळपर्यंत थांबतोय. मात्र सकाळीही ६४ च असेल तर 'क्लीन ऑल'. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह चालेल ना?

पेनड्राइव्हवाले_काका

चालतो, पण १६ चा घ्या. आणि त्यावर आधीचे फोटोबिटो असतील तर काढून ठेवा, बूटेबल करताना तो पुसला जातो.

सातारी_तर्री

आणि चार्जर लावलाय का ते बघायला सांगा भावाला.