जुन्या रेसिंग सायकलचे मूळ भाग कसे ओळखावेत?

प्रश्न

माझ्याकडे नुकतीच एक जुनी रेसिंग सायकल आली असून तिच्या फ्रेमवर एकही नाव किंवा स्टिकर उरलेला नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीचा न्युओव्हो रेकॉर्ड असून त्यावर ‘पेटंट-७४’ असा ठसा आहे. क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) आतल्या बाजूला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ४ हा आकडा आहे. या भागांवरून सायकल इटालियन असावी असा माझा समज झाला. ब्रेक मात्र शिमानो या जपानी कंपनीचे असून त्यांच्या पाठीमागे ‘ईसी’ ही इंग्रजी अक्षरे आहेत. यांतले मूळचे भाग कोणते आणि नंतर बसवलेले कोणते, हे कसे ठरवावे? चुकून मूळ भागच काढून टाकला जाईल, याची मला मनापासून भीती वाटते.

प्रतिसाद १

डिरेलरवरचा तो आकडा पेटंट मिळाल्याचे वर्ष नसून साधारणपणे त्या नगाच्या निर्मितीचे वर्ष दाखवतो. न्युओव्हो रेकॉर्ड १९६७ च्या सुमारास आला आणि पुढे ठशातला आकडा बदलत गेला. सत्तरच्या दशकातल्या क्रँकवर चौकटीतला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो, त्यामुळे आपला क्रँकही १९७४ चाच ठरतो. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) लॉकनटवर ‘सीएएम’ या अक्षरांपुढे वर्ष कोरलेले आहे का, तेही पाहावे. शिमानोच्या खुणेत पहिले अक्षर वर्षाचे (ए म्हणजे १९७६) आणि दुसरे महिन्याचे असते. म्हणजे ‘ईसी’ हा मार्च १९८० चा माल आहे. ब्रेक नंतरचे आहेत, यात शंका उरत नाही.

प्रतिसाद २

वरील माहिती बरोबर आहे, पण वर्षे जुळली म्हणजे भाग मूळचाच, असे मी मानणार नाही. त्या काळी चांगल्या रेसिंग फ्रेम अनेकदा सुट्या विकल्या जात आणि घेणारा आपल्या पसंतीचे भाग त्यावर चढवत असे. चेन, फ्रीव्हील (मागची दातेरी चक्रे), रिम आणि ब्रेकचे रबर हे तर झिजून बदलण्याचेच भाग आहेत. म्हणून ठशांइतकेच रंगाकडेही लक्ष द्यावे: गिअर लिव्हरची पट्टी सैल करून थोडी सरकवली आणि तिच्याखाली नेमक्या तिच्याच रुंदीचा, ऊन न लागलेला गडद रंग दिसला, तर ती पट्टी तिथे फार वर्षे आहे असे समजावे. कृपया हे पाहून होईपर्यंत पॉलिश करू नये, कारण सगळा पुरावा त्या मळात आणि ओरखड्यांत असतो.

शिवाय बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस फिरतो त्या जोडाच्या) नळीची रुंदी आणि मागचे चाक बसते त्या दोन टोकांमधले अंतर मोजून कळवाल का? पाच गिअरच्या चाकाला १२० मिमी लागतात, सहा-सात गिअरच्या चाकाला १२६.

प्रश्नकर्ता

मागचे अंतर १२० मिमी भरले आणि लिव्हरच्या पट्टीखाली तसा गडद पट्टाही निघाला. बॉटम ब्रॅकेटची नळी ६८ मिमी रुंद आहे, पण तिच्यात आट्यांनी बसणाऱ्या कपावर ‘३६ x २४’ असे कोरलेले आहे.

प्रतिसाद २

मग सायकल इटालियन असण्याची शक्यता कमी झाली. इटालियन नळी ७० मिमीची असते आणि तिचे आटे ३६ मिमी व्यासाचे (कपावरचे ‘३६ x २४’ हे त्याच आट्यांचे माप), दोन्ही बाजूंना सुलटे. ६८ मिमीच्या नळीत मुळात १.३७ इंची इंग्लिश किंवा ३५ मिमीचे फ्रेंच आटे असावेत. ते खराब झाल्यावर जागा थोडी मोठी करून इटालियन आटे पाडणे ही जुनी, सर्वमान्य दुरुस्ती आहे. म्हणजे डिरेलर आणि लिव्हर मूळचे असू शकतील, पण बॉटम ब्रॅकेट नक्कीच नंतरचा आहे आणि क्रँकही त्याच वेळी आला असण्याची शक्यता आहे.

आता पुढचा फोर्क काढून त्याच्या उभ्या नळीत खालून बोट घालून पाहावे. पाच पिळदार कंगोरे बोटाला लागले तर ती कोलंबस या इटालियन कंपनीची नळी आहे. आतून गुळगुळीत असेल तर रेनॉल्ड्स ५३१ या इंग्लिश नळीचा विचार करावा लागेल.