मदत हवी आहे: मुलांच्या सायकल ग्रुपमधला शेवटचा मुलगा मागे राहू नये म्हणून काय करता?

पहाटफेरी

नमस्कार मंडळी. मी कर्वेनगरला राहते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून आमच्या सोसायटीतली आणि आजूबाजूची बारा ते सतरा वयाची मुलं घेऊन दर रविवारी पहाटे सायकलवर बाहेर पडते. आम्ही त्याला क्लब म्हणतो. नोंदणी वगैरे काही नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, वर्गणीतून घेतलेला एक उभा पंप आणि सगळ्यांचे सारखे टीशर्ट. पाच मुलांपासून सुरू केलं होतं, आता चौदा आहेत. मोठं माणूस म्हणून मी, आणि मदतीला शेजारचा नुकताच बारावी झालेला एक मुलगा.

गेल्या रविवारी आमच्याकडून एक मुलगा मागे राहिला. तेव्हापासून मला नीट झोप नाही, म्हणून इथे विचारतेय.

खडकवासल्याला जायचं ठरलं होतं. साडेपाचला राजाराम पुलाशी जमलो आणि सिंहगड रोडने निघालो. धायरी फाट्यापर्यंत सगळे एकत्र होते. नांदेड फाटा सुटला, रस्ता जरा मोकळा झाला आणि गिअरवाली मोठी मुलं सुटली. मी पुढे होते, त्यांना आवरत होते. मदतनीस सगळ्यात मागे. तेवढ्यात मधल्या एका मुलीची सायकल पंक्चर झाली. पंक्चरचं सामान मदतनिसाकडे, म्हणून त्याला हाक गेली आणि तो पुढे आला. नेमकी त्याच वेळी, किरकटवाडी फाट्याच्या अलीकडे, सगळ्यात धाकट्याची चेन पडली. तो सातवीत आहे. त्याच्या मागे तेव्हा आमचं कुणीच नव्हतं.

धरणावर पोचून डोकी मोजली तर तेरा. पुन्हा मोजली, तरी तेरा. त्याच्याकडे फोन नाही. मी उलटी आले तेव्हा तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला. सायकल उलटी करून ठेवलेली, चेन लोंबत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते आणि नव्या टीशर्टला डाग लागू नये म्हणून ते त्याने अंगापासून लांब धरले होते. पंचवीस मिनिटं तो तसा बसला होता. रडला नाही. म्हणाला, “ताई, मी हाका मारल्या. बस चालली होती, ऐकू नसतील गेल्या.”

परवा त्याचा निरोप आला, पुढच्या रविवारी क्लास आहे म्हणून येणार नाही. रविवारी त्याचा क्लास नसतो, मला माहीत आहे. हा मुलगा दर आठवड्याला सगळ्यांच्या आधी येतो आणि बाकीच्यांच्या चाकात हवा भरून देतो. त्याची सायकल मोठ्या चुलतभावाची, बिनगिअरची. बाकी बहुतेकांकडे गिअर आहेत. त्याच्या पायात जोर आहे, पण सायकल मागे ओढते.

चूक माझी आहे आणि ती मी त्याच्या आईला घरी जाऊन सांगितली आहे. आता मला हे समजून घ्यायचं आहे की चौदा मुलं आणि दोन मोठे असताना ग्रुप एकत्र ठेवायची तुमची रीत काय? हळू चालवणाऱ्याला सतत “चल, चल” म्हटलं की त्याला लाज वाटते, आणि न म्हणता वेग कमी केला की मोठी मुलं कंटाळतात. जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ तारखेला, पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून परदेशी रायडर पाहिले. तेव्हापासून यांच्या डोक्यात चाकाला चाक लावून पळायचं भरलं आहे. शिवाय पाऊस सुरू व्हायच्या आत सिंहगड चढायचाच असा त्यांचा हट्ट आहे. नेऊ का? आणि त्या बिनगिअरच्या सायकलची चेन महिन्यात तिसऱ्यांदा पडली, त्यावर काही उपाय आहे का? नवी सायकल घ्या असं त्याच्या घरी सांगणं मला शक्य नाही.

बोपदेव_रोज

ताई, आधी हे लिहिल्याबद्दल आभार. बरेच जण असं झालं की मुलालाच दोष देतात, लक्ष कुठं होतं तुझं म्हणून.

तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. मागचा माणूस पुढे आला, तिथे सगळं बिघडलं. आमच्या ग्रुपमध्ये शेवटच्या माणसाला एकच काम असतं, ते म्हणजे शेवटी असणं. पंक्चर झालं, कुणी पडलं, काहीही झालं तरी तो ग्रुपमधल्या कुणालाही ओलांडून पुढे जात नाही. जो थांबलाय त्याच्याशी तो आपसूक पोचतोच, कारण तो मागूनच येतोय. मधल्या मुलीचं पंक्चर झालं होतं तर तुम्ही मागे यायचं आणि सामान तुमच्याकडे असायला हवं होतं. पंक्चरची पिशवी पुढच्याकडे, प्रथमोपचाराची मागच्याकडे, अशी वाटणी करा.

दुसरं म्हणजे नंबर. निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक नंबर द्या आणि तो कायमचा ठेवा. थांबलात की मुलांनी स्वतः ओरडायचं, एक, दोन, तीन. जिथे आवाज येत नाही तो मुलगा कोण, हे सगळ्यांना लगेच कळतं. तुम्ही डोकी मोजता तेव्हा फक्त आकडा कमी येतो आणि मग कोण नाही ते शोधत बसावं लागतं. तुमच्या रस्त्यावर थांबे ठरलेलेच आहेत: धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, धरण. प्रत्येक ठिकाणी मोजणी झाल्याशिवाय पुढचं पायडल मारायचं नाही. तुम्ही फक्त धरणावर मोजलंत. किरकटवाडीला मोजलं असतं तर तो शंभर-दोनशे मीटरवर सापडला असता.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सगळ्यात हळू मुलाला मागे ठेवू नका. तुमच्या लगेच मागे, दुसरा ठेवा. तुमच्या आडोशाला त्याला वारा कमी लागतो, थोडा दम वाचतो. तुम्हाला त्याच्या पायडलचा, श्वासाचा आवाज ऐकू येतो, त्यावरून तुम्ही वेग ठरवता. आणि मागच्यांना ग्रुपचा वेग म्हणून तोच वेग दिसतो, कुणासाठी कमी केलाय असं दिसत नाही. मागे ठेवलेलं मूल नेमकं उलट भोगतं. ते धापा टाकत थांब्यावर पोचतं तेव्हा बाकीचे विश्रांती घेऊन निघायच्या तयारीत असतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

मोठ्यांचा कंटाळाही खरा आहे. त्यांना धरणाच्या पुढे गोऱ्हे गावापर्यंतचा तुकडा मोकळा द्या, मदतनिसाबरोबर. जाताना आणि येताना मात्र ग्रुप एकच.

चाकाला चाक लावायचं तर आधी थांबवा. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं आणि पुढचा खड्डा चुकवायला जरासा सरकला, की पडतो तो मागचा. पुढच्याला काही होत नाही. आणि त्याच्यामागून येणारे त्याच्यावर जातात. शर्यतीतले रायडर वर्षानुवर्षं ते शिकतात, तेही बंद केलेल्या रस्त्यावर, आणि तरीही पडतात. मुलांना सपाटीवर एक सायकलभर अंतर, उतारावर तीन. खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा आणि प्रत्येकाने तो मागे पोचवायचा. हात सोडता येत नसेल तर तोंडाने ओरडायचं.

शेवटचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. हाक बसच्या आवाजात बुडते, शिट्टी बुडत नाही.

स्पोक_आणि_पाना

चेनचं मी सांगतो, दुकान आहे माझं.

बिनगिअरच्या सायकलची चेन पुन्हा पुन्हा पडते ती बहुतेक वेळा ढिली झाल्यामुळे. मागचं चाक दोन नटांवर बसलेलं असतं. नट पुरेसे आवळलेले नसले की पायडलवर जोर दिला की चाक केसभर पुढे सरकतं, चेन लोंबते, आणि खड्ड्यात दणका बसला की उतरते. मुलगा जोर लावणारा आहे म्हणता ना, मग हेच. चेन नुसती चढवून दिली तर पुढच्या रविवारी पुन्हा पडणार.

दोन्ही नट ढिले करा, चाक मागे ओढा, चाक फ्रेमच्या बरोबर मध्ये आहे ना बघा, मग नट आवळा. एकदम एक बाजू आवळू नका, थोडं इकडे थोडं तिकडे. मधोमध बोटाने दाबून चेन वरखाली साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. अगदी ताणून ठेवली तर पायडल जड होतं आणि बेअरिंग खातं. बहुतेक सायकलींना १५ चा पाना लागतो. पंक्चरच्या पिशवीत टाकून ठेवा, कारण गिअरवाल्यांचं चाक बऱ्याचदा पान्याशिवाय निघतं, पण याचं निघणार नाही. म्हणजे याचं पंक्चर झालं असतं तर तुमच्याकडे चाक काढायलाच काही नव्हतं.

एवढं करूनही पडली तर चेन झिजली असेल किंवा दाते. ते हजारांचं काम नाही. नवी सायकल लागत नाही.

आणि त्यालाच करू द्या. मुलं पाच मिनिटांत शिकतात.

कोंढव्याची_आई

माझी मुलगी अशाच एका ग्रुपबरोबर जायची, म्हणून पालकांच्या बाजूने दोन गोष्टी.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक कार्ड असू दे, लॅमिनेट केलेलं. नाव, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर ते, दोन पालकांचे नंबर आणि तुझा नंबर. ज्याच्याकडे फोन नाही त्याला रस्त्यावरच्या कुणालाही ते दाखवता येतं. चहाच्या टपरीवाल्याला, रिक्षावाल्याला. चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही मागे येऊ, हे पाठ करून घे. तुझा मुलगा जागचा हलला नाही, म्हणून सापडला. कुणी शिकवलं नसताना त्याने ते बरोबर केलं, हे त्याला तू सांगितलंस का? सांग. १०८ आणि ११२ हे नंबरही मुलांना माहीत असू देत.

दुसरं, यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. चौदांत मुली किती? माझी मुलगी आठवीत गेल्यावर जायची बंद झाली. मला वाटलं अभ्यास. सहा महिन्यांनी बोलली, वाटेत टॉयलेट नसतं म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नव्हती आणि परतीला डोकं दुखायचं. मुलगे कुठेही आडोसा बघतात. तू बाई आहेस, तुला मुली विचारतील, पण विचारायची वेळ येऊ देऊ नकोस. निघताना थांबे सांगतेस तेव्हाच सांग, इथे टॉयलेट आहे. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून ये, कारण पहाटे सहाला बरीचशी कुलूपबंद असतात. पेट्रोल पंपावर आधी बोलून ठेवलं तर अडत नाही.

बोपदेव_रोज

सिंहगडाचं राहिलं होतं. माझं स्पष्ट मत, या उन्हाळ्यात नको.

गड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटरवर, आणि शेवटचा आठ-नऊ किलोमीटरचा घाट सलग चढ आहे. मुलं चढतील. थांबत, ढकलत का होईना चढतात, मला चढाची काळजी नाही. उताराची आहे. वळणं अरुंद, रविवारी सकाळपासून गाड्यांची रांग, आणि मुलं घाबरून ब्रेक धरून ठेवतात. रबराचे ब्रेक रिमवर सतत घासले की रिम तापते, ट्यूब फुटायची भीती, आणि हात असे भरून येतात की शेवटच्या वळणांवर बोटं दाबली जात नाहीत. पावसात तर ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि त्या घाटात दरडीही येतात.

आधी उतार शिकवा. एखाद्या छोट्या, बिनरहदारीच्या उतारावर दहा वेळा वरखाली करा. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात सोडायचा. दोन्ही ब्रेक, थोडे थोडे. बूड सीटवर मागे. हे अंगात मुरलं की दिवाळीनंतर, मुलांना सुट्टी असेल अशा कामाच्या दिवशी जा. मोठे दोन नाही, चार लागतील.

पहाटफेरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रविवार झाले, म्हणून लिहितेय.

१५ चा पाना घेऊन शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. क्लासबद्दल काही विचारलं नाही. तू जागचा हलला नाहीस, ते बरोबर केलंस, एवढं सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. पण पाना हातात घेतला. चाक खरंच पुढे सरकलं होतं, एका बाजूने जास्त. नट त्यानेच आवळले. बोटाने चेन दाबून बघितली आणि मला म्हणाला, “अर्धा इंच म्हणजे एवढं ना?”

रविवारी तो आला. नंबर वाटताना त्याला दोन दिला, माझ्या मागे. मदतनिसाला शेवटचा, सोळा. त्याला मी सांगून ठेवलं होतं की माझं काहीही झालं तरी पुढे यायचं नाही. धायरी फाट्यापर्यंत मोठ्यांची कुरकुर चालली, नंतर बंद झाली. नंबर ओरडायला त्यांनाच मजा येते. या रविवारी तर फाट्यावर सात नंबरचा आवाज आला नाही तेव्हा तिघे स्वतःहून वळले. ती फक्त बाटली उचलायला मागे थांबली होती.

सिंहगड दिवाळीनंतर, असं सांगून टाकलं. दोघं रुसली आहेत.

कोंढव्याच्या ताई, मुली तीनच होत्या. तुमचं वाचून मी सोडून गेलेल्या दोघींना फोन केला. एकीने तुम्ही लिहिलंय तेच कारण सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. पंपावर बोलून आले आहे, ते सहाला उघडून देतील. दोघी पुढच्या रविवारी येतायत. तुळशीबागेतून शिट्ट्या चौदाच आणल्या होत्या, आता आणखी दोन आणायच्या आहेत.