लयकारिका : ‘लय’ नेमका कशाचा?

प्रश्न : चोपडा तालुक्यातील एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. ‘लयकारिका’ हे पेशीतील सूक्ष्म अंगक समजावताना मी फळ्यावर लिहिले, की तेथे पेशीत आलेल्या मेदाचा नाश होतो. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की नाशच होत असेल तर त्याच मेदापासून ऊर्जा मिळते असे आपण मागच्या तासाला का म्हणालो? नाश, पचन, विघटन, लय यांपैकी येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : ताई, मुलीने नेमके बोट ठेवले आहे. ख्रिस्तियान द ड्यूव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये या अंगकाला ‘लायसोसोम’ हे नाव दिले. त्यातील ‘लायसिस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ सोडवणे, सैल करणे असा आहे, तर ‘सोमा’ म्हणजे शरीर. मराठीत त्यासाठी ‘लय’ आला. ‘ली’ या संस्कृत धातूत विरून जाण्याचा अर्थ असल्यामुळे तो चुकीचा म्हणता येत नाही. पण उत्पत्ती, स्थिती, लय ही तिकडी आणि ‘लयाला जाणे’ हा वाक्प्रचार आपल्या कानात इतका मुरलेला आहे, की ‘लय’ म्हटले की शेवटच डोळ्यांसमोर येतो. (मुलांच्या कानात ‘लय भारी’ असते, तो भाग वेगळा.)

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मेद आणि कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून त्यांचे वहन प्रथिनांनी वेढलेल्या सूक्ष्म कणांतून होते. पेशीच्या पटलावरील ग्राही (ठरावीक कण ओळखून धरणारी प्रथिने) असा कण पकडतात, पटल आत वळून त्याची पुटिका (छोटी पिशवी) बनते आणि आतला माल शेवटी लयकारिकेत पोहोचतो. हा मार्ग उलगडल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लयकारिकेतील आम्लता पेशीद्रवापेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे सामू (पीएच) ५ च्या आसपास असतो, आणि तेथील विकरे (एन्झाइम) अशा आम्लतेतच नीट काम करतात. त्यांपैकी आम्ल लायपेज हे विकर पाण्याचा रेणू खर्ची घालून ट्रायग्लिसराइड या मेदातील मेदाम्ले सुटी करते आणि कोलेस्टेरॉलला जोडलेले मेदाम्लही तोडते. ऊर्जा येथे मिळतच नाही. सुटी झालेली मेदाम्ले पुढे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जातात व तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. कोलेस्टेरॉलचा सांगाडा तर अजिबात मोडत नाही, तो पेशीच्या पटलांसाठी जसाच्या तसा वापरला जातो.

आपल्या भागातील मुलांना हे सांगण्यासाठी मी जिनिंगचे उदाहरण घेतो. जिनमध्ये कापूस जातो, रुई आणि सरकी वेगळी होऊन बाहेर पडते; रुईच्या गाठी सूतगिरणीला जातात, सरकीचे तेल निघते आणि ढेप गुरांना मिळते. कापसाचा ‘नाश’ झाला असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. म्हणून माझी पसंती ‘विच्छेदन’ या शब्दाला आहे; जुन्या विज्ञानलेखनात पाण्याच्या साहाय्याने होणाऱ्या अशा क्रियेला ‘जलीय विच्छेदन’ म्हटलेले आढळते. ‘पचन’ही चालेल, कारण जठरातल्या आणि आतड्यांतल्या पचनातही रेणूंची तोडच होते, मात्र बोलण्यात ‘पचवणे’ म्हणजे संपवून टाकणे असाही अर्थ होतो, तेवढी सावधगिरी बाळगावी.

दुसरे मत : क्रमिक पुस्तकात ‘लयकारिका’ छापलेले असताना वर्गात दुसरा शब्द आणल्यास परीक्षेत मुलांचीच अडचण होईल. शिवाय टाकाऊ झालेली अंगके लयकारिका मोडून काढते, तेव्हा ‘लय’ अगदीच अस्थानी कसा?

उत्तर : नाव बदलावे असे मी म्हटलेले नाही, नाव तेच ठेवावे, फक्त क्रियापद बदलावे. मोडलेल्या अंगकांतील अमिनो आम्ले व मेदाम्लेही पेशी पुन्हा वापरते, त्यामुळे तेथेही ‘नाश’ अपुराच पडतो. शब्दाचा हा काटेकोरपणा आजार समजून घेताना उपयोगी पडतो. वोलमन या आनुवंशिक रोगात आम्ल लायपेज जवळजवळ नसतेच, त्यामुळे विच्छेदनच अडते आणि न तुटलेला मेद साचतो. नीमन-पिक रोगाच्या ‘सी’ प्रकारात तोड व्यवस्थित होते, पण सुटे झालेले कोलेस्टेरॉल बाहेर नेणारी प्रथिने सदोष असतात. म्हणजे जिन चालू आहे, गाठी बांधून तयार आहेत आणि ट्रकच येत नाही. दोन्ही ठिकाणी ‘मेदाचा लय होत नाही’ असे लिहिले, तर हा भेद पुसला जातो.

या बाहेर जाण्याला ‘उत्सर्जन’ मात्र म्हणू नये, कारण उत्सर्जन टाकाऊ पदार्थांचे होते आणि हा माल तर पेशीला हवा असतो. तेथे मी ‘निर्गमन’ लिहितो. याहून सोपा शब्द कोणी सुचवल्यास तो मला हवाच आहे.