'किआ ओरा' ऐकलं की पोटात दुखतं?

ऑकलंडकर:
परवा गप्पांच्या धाग्यावर दक्षिणायन यांनी पिंक टाकली की 'चार टक्के लोकांना येणारी माओरी आमच्या पोरांच्या गळ्यात कशाला मारता, त्यापेक्षा मँडरिन शिकवा'. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

चार टक्के बरोबर. न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत इथल्या मूळ रहिवाशांची ही भाषा बोलणारे २,१३,८४९. पण बाकीच्यांची भाषा गेली कुठे? १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या केल्या, आणि पुढे कित्येक शाळांत माओरी तोंडातून निघाली की छडी. आमच्या शेजारच्या कुईया (आजीबाई, आता नाहीत) म्हणायच्या, "मार मी खाल्ला, पोरांनी कशाला खायचा? म्हणून घरात इंग्रजीच बोलले." त्यांचा नातू चाळिशीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आजीची भाषा शिकतोय.

आणि १९८४ साली टेलिफोन ऑपरेटर नायडा ग्लाविश फोनवर 'किआ ओरा' (माओरीतला नमस्कार) म्हणाल्या, तर वरिष्ठांनी त्यांना कामावरून हटवलं. देशभर आरडाओरडा झाला तेव्हा जागा परत मिळाली. मला त्या वरिष्ठांची आठवण झाली, एवढंच.

दक्षिणायन:
झालं तुमचं? छडीची गोष्ट वाईटच. पण ती छडी मी मारली नाही, माझ्या लेकानेही नाही. भाषा घरात टिकते, सरकारी पाटीवर नाही. २०२३ नंतरच्या सरकारने खात्यांची इंग्रजी नावं पुन्हा पुढे आणली. का? लोकांनी मत दिलं म्हणून. 'वाका कोटाही'चा फॉर्म चार वेळा उघडल्यावर कळतं की हे गाडीच्या नोंदणीचं खातं आहे, आणि आपण त्याला काहीतरी होडीबिडीची संस्था समजत होतो.

काकडआरती:
'वाका' म्हणजे होडी, हे तुम्हाला कळलं ना? झालं तर. पाटीचा उपयोग झाला.

त्याच निवडून आलेल्या संसदेने एप्रिल २०२५ मध्ये वाइतांगी कराराच्या (ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यातला, १८४० चा) तत्त्वांचं विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी आपटलं, तेही लिहा की. मताचा हवाला सोयीपुरता देऊ नका. आणि 'घरात टिकते' म्हणताय ते माओरींना तुमच्या आधी कळलं. १९८२ साली वाइनुइओमाटात पहिलं कोहांगा रेओ निघालं, भाषेचं घरटं. आज्यांनीच तान्ह्या पोरांशी माओरीत बोलायचं. घरात भाषा उरली नव्हती, म्हणून घराबाहेर घर बांधलं.

शुद्धलेखक:
कुईया नव्हे, कुइआ. मूळ शब्दात इकार ऱ्हस्व आहे. माओरी भाषेत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. 'मतुआ' म्हणजे बाप, 'मातुआ' म्हणजे आईबाप. भाषेचा कैवार घेता तर निदान नीट लिहा.

ऑकलंडकर:
मग तुम्ही 'माओरी' का लिहिलंत? तिथेही ऱ्हस्वच आहे.

शुद्धलेखक:
मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घच. नियम वाचा.

तिरकस:
घ्या! म्हणजे त्यांचा शब्द आपल्या नियमात बसवायचा. १८४० ला वाइतांगीच्या करारात हेच झालं. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व, माओरी मसुद्यात 'कावनातांगा', म्हणजे गव्हर्नरवरून पाडलेला शब्द, गव्हर्नरकी. पाचशेच्या वर सरदारांनी सह्या केल्या, इंग्रजीवर फक्त ३९ जणांच्या. भाषांतरात राज्य गेलं आणि तुम्ही वेलांट्या मोजा.

शुद्धलेखक:
उलट त्यामुळेच वेलांट्या मोजाव्यात. whanau, म्हणजे कुटुंब, हे 'फानाउ' लिहायचं की 'व्हानाउ'? आपल्या वर्तमानपत्रांत सगळं 'व्ह'. उच्चार बहुतेक ठिकाणी फ-च्या जवळचा.

काकडआरती:
बहुतेक ठिकाणी. वांगानुईच्या नदीकाठी फ नाहीच. तिथे गावाच्या नावात डब्ल्यूपुढे एच घालायचा की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण झालं आणि २००९ ला सरकारने दोन्ही स्पेलिंगं चालतील म्हणून सांगितलं. तुम्ही तिथे असता तर तिसरं काढलं असतंत.

शुद्धलेखक:
काढलं असतं. आणि 'कोहांगा'तही ग नाही, तिथे ङ हवा. आपल्या वर्णमालेत तो जणू फक्त 'वाङ्मया'साठी राखून ठेवलाय.

दक्षिणायन:
इथे मूळ मुद्दा कुणाला आठवतोय का? माझा मुलगा शाळेतून येऊन विचारतो, 'आपला डोंगर कुठला, नदी कुठली?' पेपेहा म्हणे. ओळख करून देताना आधी डोंगर सांगायचा. आम्ही मूळचे वाईचे. पांडवगड आणि कृष्णा लिहून दिलं. आता वर्गात कुणाला कळणार आहे ते?

तिरकस:
आणि होडी? पूर्वज ज्या वाकातून आले ती? विमानाचा नंबर दिलात का?

दक्षिणायन:
जोक चांगला आहे. मला हसायला आलं नाही.

ऑकलंडकर:
मला तर हेवा वाटला. तुमच्या लेकाला पांडवगड माहीत कुणामुळे झाला? माओरीच्या तासामुळे! तुम्ही स्वतःहून कधी सांगितलं होतं? आणि विषय सक्तीचा नाहीच. रंग, आकडे, चार गाणी. एवढ्याने मँडरिन अडत नाही. बाय द वे, मुलगा मराठी बोलतो का?

दक्षिणायन:
वैयक्तिक होऊ नका.

ऑकलंडकर:
'माझा लेक' तुम्हीच मध्ये आणलात.

दक्षिणायन:
कळतं त्याला. उत्तर इंग्रजीत देतो. झालं समाधान? दोघंही नोकरीला, आजी सातारला, शनिवारी मराठी शाळेपेक्षा क्रिकेट. तुम्ही ठेवा घरटी. आमच्याकडे घरट्यात बसायला आजी नाही.

काकडआरती:
त्यांच्याकडेही फार उरल्या नव्हत्या.

दक्षिणायन:
बरं, पाट्या राहू द्या. शाळेतली गाणीही राहू द्या, एक तर मलाच पाठ झालंय. पण फॉर्मवर इंग्रजी नाव आधी हवं, यावर मी ठाम आहे. आणि ते संध्याकाळचे वर्ग कुठे असतात? बायको विचारतेय.

शुद्धलेखक:
'सातारला' नव्हे. साताऱ्याला.