विषय: आरव्हीच्या छपरावर सौर पॅनेल – चिकटपट्टी की स्क्रू?

सप्रेम नमस्कार,

आमच्या आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छपरावर 200 वॅटची दोन पॅनेल बसवण्याचा विचार आहे. छप्पर रबरी आवरणाचे असून त्याला भोके पाडायला मन धजत नाही. स्क्रू न मारता केवळ मजबूत दुहेरी चिकटपट्टीवर काम भागवावे, असे एका परिचितांनी सुचवले आहे. शिवाय पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडावीत की पॅरललमध्ये (समांतर), हेही ठरत नाही. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सप्रेम नमस्कार ताई,

आपली भीती रास्त आहे, परंतु रबरी छपरावर चिकटपट्टी हा त्यावरचा उपाय नव्हे. फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमच्या छपरावर ती उत्तम धरते. रबरी आवरण मात्र स्वतःच खालच्या प्लायवूडला गोंदाने चिकटवलेले असते. त्यामुळे वेगात जाताना वाऱ्याने पॅनेल उचलले, तर पट्टी शाबूत राहील आणि आवरणच सोलून निघेल. तेव्हा स्क्रू मारावेतच, पण ज्यात ते घट्ट बसतील अशी लाकडी किंवा धातूची पट्टी खाली कोठे आहे, ते आधी शोधावे. पॅनेल धरणाऱ्या प्रत्येक ब्रॅकेटखाली ब्युटिल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) लावावी आणि स्क्रूची डोकी व कडा छपराला चालणाऱ्या, आपोआप पसरणाऱ्या सीलंटने झाकाव्यात. सिलिकॉन कटाक्षाने टाळावे. मी पहिल्या खेपेस तेच वापरले आणि पुढे ते खरवडण्यात दोन सुट्ट्या घालवल्या, कारण त्याचा अंश राहिला की त्यावर दुसरे काहीच धरत नाही.

पॅनेलखाली दोन-तीन सेंटीमीटर हवा खेळती ठेवावी. पॅनेलवर छापलेले वॅट 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या सेलसाठी असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटते. भर उन्हात सेल 65 अंशांवर गेली, तर 200 वॅटच्या पॅनेलकडून 170 ते 175 वॅटच मिळतील.

जोडणीचा निर्णय मी सावलीवर सोडेन. पॅनेलच्या मापाचे पुठ्ठे कापून छपरावर ठेवावेत आणि एसीच्या खोक्याची व झरोक्यांची सावली सकाळी, दुपारी व संध्याकाळी कोठे पडते, ते पाहावे. एका पॅनेलवर सावली येणे अटळ असेल, तर पॅरलल जोडणीत दुसरे जवळजवळ निर्वेध चालते. मात्र प्रवाह सुमारे 20 अँपिअर होतो आणि तार जाड लागते. छप्पर मोकळे असेल, तर सिरीजमध्ये 10 अँपिअरवर भागते, पण त्यासाठी एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचा जास्त व्होल्टेज बॅटरीला योग्य अशा पातळीवर आणणारा चार्जिंग नियंत्रक) हवा. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो, म्हणून कंट्रोलरच्या कमाल व्होल्टेज मर्यादेपर्यंत पुरेशी मोकळीक ठेवावी.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी आणि मगच पॅनेल.

---

नमस्कार,

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आमचा एसी अगदी मध्यावर असल्याने पॅरललच करावे लागेल, असे दिसते. मग प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र फ्यूज हवा का?

---

ताई,

सारखी दोनच पॅनेल असतील, तर नको. एकात बिघाड झाला तरी दुसऱ्या एकाचाच प्रवाह उलटा येऊ शकतो आणि तेवढा ते सोसते. पुढेमागे तिसरे वाढवलेत, तर मात्र प्रत्येकाला फ्यूज लावावा. बॅटरीच्या धन टोकाजवळचा फ्यूज कोणत्याही परिस्थितीत हवाच.