मदत हवी आहे: वर्गात हायड्रोजन दाखवायचाय, पण गेल्या वर्षीची धास्ती बसलीय

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, दोन टेबलं आणि समोरासमोर खिडक्या. वायू बाहेर खेचणारी सोय नाही.

गेल्या वर्षी धातू आणि आम्लाची अभिक्रिया दाखवताना अडीचशे मिलीच्या काचपात्रात जस्ताचे खडे घातले, विरल सल्फ्युरिक आम्ल ओतलं आणि बुडबुडे दिसताच नळीच्या टोकाशी पेटती काडी धरली. ज्योत नळीतून सरळ आत. बूच छताला जाऊन आपटलं आणि पात्राला उभा तडा गेला. नशीब, पुढचा बाक रिकामा होता. पोरांनी टाळ्या पिटल्या, माझे हात मात्र पुढचा तासभर थरथरत होते. तेव्हापासून 'फळ्यावर आकृती काढून शिकवा' असा हुकूम आहे. पण तो 'फट्' आवाज फळ्यावर कसा काढायचा?

पात्रातली हवा जाऊ द्यायला हवी होती हे आता कळलंय. पण किती वेळ थांबायचं? आणि मुलं क्लोरीनसाठीही मागे लागलीत, तो दाखवावा का?

प्रतिसाद १
ताई, 'किती वेळ' हा हिशेबच सोडून द्या. हवेत हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कितीही असला तरी मिश्रण पेट घेतं. एवढ्या मोठ्या पट्ट्यात घड्याळावर भिस्त ठेवू नये. वायू तयार होतो तिथे ज्योत न्यायचीच नाही, हा एकच नियम पाळा.

पात्राऐवजी परीक्षानळी घ्या. ०.१ ग्रॅम जस्त, म्हणजे एखादा बारीक तुकडा, पूर्ण विरघळला तर ३५ मिलीच्या आसपास वायू देतो. आवाजाला तेवढा पुरे. तुकडा सुस्त असेल तर मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब टाका, फसफस लगेच वाढते. वायू पाण्यावर गोळा करा: पाण्याने भरलेली नळी टबात उपडी धरायची, खालून वायू शिरू द्यायचा. पहिली नळी हवामिश्रित असते, ती न पेटवता खिडकीबाहेर रिकामी करा. दुसरी भरली की तोंडावर अंगठा ठेवून पलीकडच्या टेबलावर न्या आणि तोंड खालीच ठेवून पेटवा. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, नळी उलटली की तो निसटलाच. चष्मा तुम्हालाही आणि पुढच्या रांगेलाही.

प्रतिसाद २
यात एक भर. मोठा आवाज म्हणजे शुद्ध हायड्रोजन, असं आपण मुलांना सर्रास सांगतो. खरं उलट आहे. शुद्ध वायू नळीच्या तोंडाशी जवळजवळ गुपचूप जळतो, आवाज करते ती हवेची भेसळ. म्हणूनच वरचा आवाज थोड्या वायूवरच भागवायचा. पाण्याच्या बाटल्या आणि फुगे भरण्याच्या भानगडीत पडू नका.

क्लोरीन अजिबात नको. खिडक्या उघड्या आहेत म्हणून वर्गात काढण्यातला तो वायू नाही. त्याऐवजी संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की हाच क्लोरीन निघतो, म्हणून ती एकत्र का करू नयेत, हे सांगा. घरी जाऊन आईला सांगतील, त्याचा उपयोग जास्त. बुडबुड्यांची हौस खायचा सोडा आणि व्हिनेगरवर भागते. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की वर निवळी येते. तिच्यात सोडा-व्हिनेगरमधून निघणारा वायू जाऊ द्या, दुधासारखी पांढरी होते.

धागाकर्ती
आज सुट्टीच्या दिवशी एकटीनेच करून पाहिलं. पहिल्या नळीचा मोह आवरला. दुसरी पेटवली तर इतका बारीक आवाज, की शिपाईमामांनी विचारलं, 'झालं का?' मुख्याध्यापकांना उद्या दाखवते. उरलेलं आम्ल कुठे ओतू?

प्रतिसाद १
आधी जस्ताचे तुकडे काढून धुऊन वाळवा, परत वापरता येतात. आम्लात भरपूर पाणी घाला, फसफस थांबेपर्यंत चिमूट चिमूट खायचा सोडा टाका, मग मोरीत ओता. जस्तासकट आम्ल बाटलीत बूच लावून कपाटात ठेवू नका. वायू आत साठत राहतो, आणि कपाट उघडणारे शिपाईमामा असतात.